गेमिंग पीसी स्वतः जोडू का? जळगावच्या वाचक मुलीला उत्तर

पत्र : मी जळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन ७५ हजार रुपये साठवलेत आणि त्यात मला गेमिंग पीसी हवा आहे. सध्या दादाच्या जुन्या लॅपटॉपवर व्हॅलोरंट खेळते, तो अडखळत चालतो. पुढे मोठे, गोष्टीचे गेम खेळायचे आहेत आणि ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअरही शिकायचं आहे. इथला एक दुकानदार ४२ हजारांत ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ असा तयार गेमिंग पीसी देतोय, बिल नको असेल तर आणखी कमी. मी व्हिडिओ बघून स्वतः यादी केली आहे : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबीची एक रॅम, आरएक्स ७६०० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी एसएसडी, लिक्विड कूलर, चार आरजीबी पंखे आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) फुकट मिळणारं कॅबिनेट. पण जोडायचं म्हटलं की हात थरथरतात. पिना वाकल्या, शॉर्ट झालं, तर सगळी कमाई गेली. पप्पा म्हणतात दुकानातूनच घे, काही झालं तर त्याला जाऊन विचारता तरी येतं. शिवाय आमच्याकडे लाइट सारखी जाते. काय करू?

उत्तर : स्वतःच जोड. मला यात जराही शंका नाही. तुला भीती वाटते ती जोडणीची, आणि जोडणी हाच या सगळ्यातला सोपा भाग आहे. बहुतेक केबल चुकीच्या जागी बसतच नाहीत, कारण त्यांचे आकारच तसे केलेले असतात. पहिल्यांदा पीसी करणाऱ्यांचे पैसे बुडतात ते एकतर दुकानात नाहीतर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. म्हणून या उत्तरात मी खरेदीवर आणि विजेवर जास्त बोलणार आहे.

आधी त्या ४२ हजारांच्या पीसीचं बघू. आय७ हे नाव इंटेल ही प्रोसेसर बनवणारी कंपनी २००८पासून वापरत आली. नुसतं ‘आय७’ म्हटल्यावर तो कुठल्या वर्षाचा हे कळतच नाही. आय७-२६०० हा जानेवारी २०११चा, आय७-४७७० हा २०१३चा. ऑफिसांनी मोडीत काढलेल्या मशीनमधून असे प्रोसेसर निघतात, नव्या काचेच्या कॅबिनेटमध्ये बसतात आणि गेमिंग पीसी म्हणून विकले जातात. त्यांना चारच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, असतात. तुझ्या यादीतल्या ५६००ला सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, आणि त्यातला एकेक कोअर त्या जुन्या कोअरपेक्षा कितीतरी वेगवान आहे. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे या भावात बहुधा जीटी ७३० निघेल. ते २०१४चं कार्ड. त्याची मेमरी इतकी संथ असते की ४ जीबी हा आकडा पाटीवर लिहिण्यापुरताच उपयोगी. त्यात विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले, इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट या पीसीच्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. ज्या गेमसाठी तू पैसे साठवलेस तोच त्या मशीनवर किती दिवस चालेल याची खात्री नाही.

दुकानदार लबाडच असेल असं मी म्हणत नाही. त्याला तीन गोष्टी विचार : प्रोसेसरचा पूर्ण नंबर, कार्डाचं पूर्ण नाव, आणि एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, किती वॅटचा. हे सगळं बिलावर लिहून देणार का? जो लिहून देतो त्याच्याकडून पुढे मॉनिटर, कॅबिनेट घ्यायला हरकत नाही. जो ‘अहो ताई, त्याची काय गरज’ म्हणतो त्याच्या दुकानातून बाहेर पड.

पप्पांचं म्हणणं मात्र मी बाजूला सारणार नाही. काही झालं तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर बिलात असतं. सुटे पार्ट घेतलेस की प्रत्येक पार्टाची वॉरंटी वेगळी मिळते. खोक्यातल्या सीलबंद प्रोसेसरला तीन वर्षं, ग्राफिक्स कार्डाला साधारण तेवढीच, चांगल्या एसएमपीएसला बऱ्याचदा पाच वर्षं. पण हे सगळं बिलाच्या तारखेवर आणि पार्टाच्या सीरियल नंबरवर चालतं. बिलाशिवाय घेतलं की १८ टक्के जीएसटी ‘वाचतो’ म्हणजे नेमकं काय होतं, हे बी.कॉम.च्या मुलीला मी सांगायला नको. प्रत्येक बिलावर सीरियल नंबर आहे ना ते दुकानातच बघ. ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवायचा सुटा, थोडा स्वस्त मिळतो. तो घेऊ नकोस, त्याला बहुतेक वेळा दुकानाचीच वॉरंटी असते.

घ्यायचं कुठून? जळगावात सगळं मिळालं नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरलीस की ग्रँट रोड स्टेशनहून चालत जाता येतं. तिथे जायचं असेल तर पप्पांना सोबत ने. चार दुकानांत भाव विचारताना त्यांचा व्यवहार कामी येईल, आणि कुठला पार्ट काय करतो हे त्यांना तुझ्याकडून ऐकायला मिळेल. ऑनलाइन मागवलंस तर पार्सलवरचा पत्ता दिसेल अशा तऱ्हेने उघडण्याआधीपासून मोबाईलवर व्हिडिओ काढ, मधे न थांबवता. आत फुटलेला किंवा दुसराच पार्ट निघाला तर आपल्याकडे बहुतेक दुकानं पहिल्यांदा हा व्हिडिओच मागतात. सगळी खोकी माळ्यावर जपून ठेव.

आता तुझी यादी. तिचा कणा चांगला आहे. आरएक्स ७६०० हे १०८०पीचं, म्हणजे फुल एचडी मॉनिटरसाठीचं, कार्ड आहे आणि तुझ्या पैशात मोठा वाटा कार्डाला जावा हेही तू बरोबर ओळखलंस. मी स्वतः एकूण रकमेतला ४० टक्क्यांच्या आसपासचा वाटा कार्डाला देते. व्हॅलोरंटला एवढं कार्ड लागत नाही, पण सायबरपंक २०७७सारख्या गेमला लागतं. कार्डावर ८ जीबी मेमरी आहे, त्यामुळे अगदी नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चरची (पृष्ठभागांच्या बारकाव्याची) पातळी एक पायरी खाली ठेवावी लागेल, याची आधीच तयारी ठेव. ब्लेंडरमध्ये रेंडर करायला, म्हणजे अंतिम चित्र तयार करून घ्यायला, एनव्हिडियाची कार्डं जास्त वेगवान आहेत. पुढे थ्रीडीतच काम करायचं ठरलं असेल तर त्याच भावात आरटीएक्स मालिकेतलं ८ जीबीचं कार्ड बघ. नुसतं शिकून बघायचं असेल तर ७६०० पुरतं.

मदरबोर्ड मात्र बदल. ७६०० हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या वाटेच्या, आठच लेन वापरतं. ए५२० बोर्डावर त्या तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतात, बी५५० बोर्डावर चौथ्या पिढीच्या, म्हणजे दुप्पट. प्रत्येक गेममध्ये फरक दिसेल असं नाही, पण कार्डाची मेमरी भरली की याच वाटेवर गर्दी होते, आणि ८ जीबीच्या कार्डावर ती भरणारच. बी५५० घेताना त्यावर वाय-फाय आहे का तेही बघ, स्वस्त बोर्डांवर ते नसतं.

रॅम १६ जीबीची एक काडी नको, ८-८च्या दोन घे. दोन काड्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, आणि रायझनवर गेम खेळताना हा फरक डोळ्यांना कळतो. इथे एक वाईट बातमी सांगणं भाग आहे. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भयंकर चढले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीच्या चिप मोठ्या प्रमाणावर वळल्या, आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला कमी माल आला. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओतले रॅमचे आणि एसएसडीचे भाव धरू नकोस. ज्या दिवशी घेणार त्या दिवशीचा भाव बघ, आणि सगळ्यात आधी रॅम घे. तुझी यादी एएम४ या सॉकेटची (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) आहे, त्यात डीडीआर४ प्रकारची रॅम लागते. एएम५ हा नवा सॉकेट, त्याला डीडीआर५च लागते. रायझन बनवणाऱ्या एएमडीने एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं म्हटलं आहे, म्हणून पैसे असते तर मी तिकडे वळ म्हटलं असतं. ७५ हजारांत मॉनिटरही बसवायचा असताना ते ओढाताणीचं आहे. एएम४च घे, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या गेमना सहा कोअर पुढची काही वर्षं पुरतील.

लिक्विड कूलर आणि चार आरजीबी पंखे यादीतून काढून टाक. ५६००च्या खोक्यात त्याला थंड ठेवणारा पंखा येतो आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो. वाचलेले पैसे एसएमपीएसला लाव. या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं विचारशील तर हेच.

कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नकोस. त्याच्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. तू बाजूचा तक्ता वाच. तिथे १२ व्होल्टच्या खाली अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय, तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. तुझं कार्ड एकटं १६५ वॅटपर्यंत जातं, प्रोसेसर भरात असताना ७५च्या आसपास. झालं, तिथेच हिशेब संपला, आणि पंखे, एसएसडी अजून मोजलेच नाहीत. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच जागी ४५ अँपिअरच्या आसपासचा आकडा दिसेल. तो घे, नावाजलेल्या कंपनीचा, किमान ८० प्लस ब्राँझचा. ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. म्हणून कंपनी आणि वॉरंटीची वर्षं दोन्ही बघायची. वाईट एसएमपीएस जाताना कधीकधी बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जातो. तुझ्या पिना वाकण्यापेक्षा मला याची काळजी जास्त आहे.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी पाठवलं तर पहिल्या पीसीला नको म्हण. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यातली बरीच अजून हातोहात फिरतायत. काही उत्तम चालतात. पण पीसी सुरू झाला नाही तर दोष जोडणीचा की कार्डाचा हे पहिल्या वेळी तुला ओळखता येणार नाही.

आता वीज. पीसी घरी यायच्या आधी एका माहितीतल्या वायरमनला बोलाव आणि ज्या सॉकेटवर पीसी लावणार त्याचं अर्थिंग तपासून घे. आपल्याकडच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर असतेच असं नाही. अर्थिंग नसलं तरी पीसी चालू होतो, म्हणून लोकांना कळत नाही. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंगची वायर नसली की पत्र्यावर घरातल्या दाबाच्या निम्म्याएवढा दाब बसून राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण त्याच पत्र्याला यूएसबी, हेडफोन, मॉनिटरची केबल असं सगळं जोडलेलं असतं. आणि आत खरोखर काही बिघडून पत्र्यावर पूर्ण वीज आली तर वाचवणारी तीच एक वायर असते. तिसरी पिन तोडून दोन पिनांत पीसी लावणं हे कुणी कितीही सहज सांगितलं तरी करायचं नाही.

लाइट जाण्याचं म्हणशील तर घरी इन्व्हर्टर आहे का ते तू लिहिलं नाहीस. असेल आणि तो साइन वेव्हचा असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, यूपीएस मोडचं. ते चालू हवं. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १० मिलिसेकंदांत वीज देतो, साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ घेतो आणि पीसी बंद पडतो. घरात दिवे-पंखे चालू राहतात आणि पीसी मात्र बसतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच. इन्व्हर्टर नसेल तर वेगळा यूपीएस घे, पण ६०० व्हीएचा नको. त्यातून ३६० वॅटच्या आसपास मिळतात, बॅटरी जुनी झाली की तेवढेही नाहीत. तुझा पीसी मॉनिटरसकट गेम खेळताना ३०० वॅटच्या आसपास जाईल. १००० किंवा ११०० व्हीएचा घे. दोन्ही बाबतींत लाइट गेल्यावर खेळत राहायचं नसतं. सेव्ह करायचं आणि नीट बंद करायचं. मेमधला वळीव गडगडायला लागला की प्लग काढ, आणि नेटची लॅन केबलही काढ. वीज त्या वाटेनेही आत शिरते.

आता जोडणी. दिवसाउजेडी, मोकळ्या लाकडी टेबलावर बस. खाली सतरंजी, रजई नको. लागतो एकच चांगला स्टार स्क्रू-ड्रायव्हर, टोकाला चुंबक असलेला बरा. खानदेशात थंडीत हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट होतं ना, ती स्थिर वीज चिपला घातक ठरू शकते. म्हणून काम सुरू करताना आणि मधेमधे कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लाव. एवढं पुरतं.

मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, म्हणून तो फक्त कडांनी धर. त्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटवरही तशीच खूण आहे. सॉकेटची लिव्हर पूर्ण वर कर, खुणा जुळव, आणि प्रोसेसर नुसता ठेव. दाबायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने आत बसतो. बसला नाही तर उचलून पुन्हा ठेव. मग लिव्हर खाली. तुला ज्या पिनांची भीती वाटते त्यांचा संबंध इतक्यापुरताच आहे.

प्रोसेसरच्या पंख्याच्या बुडाला राखाडी पेस्ट आधीच लावलेली असते. तिला बोट लावू नकोस आणि वरून आणखी पेस्ट घालू नकोस. हा पंखा बसवण्याआधी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस काढावे लागतात. ते काढले की बोर्डाच्या मागची पट्टी सुटते, तिला खालून हाताचा आधार दे. चारही स्क्रू एकेक करून गच्च आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने. रॅम प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, टक् आवाज येईपर्यंत. इथे मात्र जोर लागतो, बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो, घाबरू नकोस. २४ पिनांच्या मोठ्या केबलचंही तसंच. एसएसडी तिरपी घालून आडवी करायची आणि बारीक स्क्रू लावायचा. तिच्यावर बोर्डाचा धातूचा पत्रा येणार असेल तर त्याच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकचं पारदर्शक कागद सोलायला विसरू नकोस.

आता माझा आग्रह असा, की कॅबिनेटमध्ये काही बसवण्याआधी खोक्यावरच पीसी चालू करून बघ. कार्ड लाव, एसएमपीएसच्या तीन केबल जोड : २४ पिनांची, प्रोसेसरची आठ पिनांची, कार्डाची आठ पिनांची. शेवटच्या दोन दिसायला सारख्या असतात, पण त्यांवर सीपीयू आणि पीसीआयई असं लिहिलेलं असतं, वाचून लाव. मॉनिटरची केबल कार्डालाच लाव, बोर्डाला नाही, ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. मग बोर्डाच्या कोपऱ्यावरच्या ‘पॉवर स्विच’च्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. पंखे फिरतील. त्या पिनांवर पाच व्होल्टपेक्षा जास्त नसतात, शॉक बसत नाही. एवढ्यात स्क्रीनवर काही दिसलं तर तुझे महागडे पार्ट सगळे चांगले आहेत हे नक्की झालं, आणि पुढचं काम निव्वळ स्क्रूचं उरलं.

काही दिसलं नाही तर लगेच रडकुंडीला येऊ नकोस. पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेताना पीसी एक-दोनदा आपोआप बंद-चालू होतो. बी५५०च्या बहुतेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट. जो पेटून अडकून राहतो तो दोष दाखवतो. डीरॅम अडकला तर प्लग काढून एकच काडी दुसऱ्या खाचेत घालून बघ. व्हीजीए अडकला तर कार्डाची पॉवर केबल राहिली असेल. पहिल्या पीसीत अडचण येते ती बहुतेक वेळा या दोनांपैकीच.

कॅबिनेटमध्ये बसवताना मागची पत्र्याची चौकट सुटी असेल तर ती बोर्डाच्या आधी बसवायची, नाहीतर सगळं पुन्हा काढावं लागतं. बोर्डाखालचे पितळी खुंट बोर्डाच्या भोकांशी जुळतात का ते बघ. भलत्या जागी एखादा खुंट राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून खरोखर शॉर्ट होऊ शकतं. आणि पुढच्या यूएसबी ३च्या रुंद निळ्या किंवा काळ्या प्लगला सांभाळ. त्याची खाच बघून सरळ घाल, सरळच काढ. त्याच्या पिना प्रोसेसरच्या पिनांपेक्षा जास्त लोकांनी वाकवल्या आहेत.

विंडोज ११ साठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह दादाच्या लॅपटॉपवर आधीच तयार करून ठेव. बसवताना ते इंटरनेट मागतं. वाय-फाय चालेना तर अँड्रॉइड मोबाईल यूएसबीने जोडून त्याचं टेदरिंग चालू कर. व्हॅलोरंटसाठी बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू ठेव. त्याच बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू कर, नाहीतर ३२००ची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४००वरच चालत राहते आणि कुणी सांगत नाही. मॉनिटरचंही तेच. १४४ हर्ट्‌झचा घेतलास तरी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा निवडावा लागतो, तोवर तो ६०वर असू शकतो.

राहिला जळगावचा उन्हाळा. खोली जितकी तापेल जवळपास तितकेच आतले पार्टही जास्त तापतात, त्यामुळे पुढे काचेचं कॅबिनेट घेऊ नकोस, जाळीचं घे, आणि जाळीमागे काढता येणारं फिल्टर हवं. आपल्याकडच्या धुळीत ते दर महिन्याला झटकावं लागेल. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नकोस. ५६००ची मर्यादा ९० अंशांची आहे, तिथे पोहोचला की तो जळत नाही, आपला वेग कमी करून घेतो. मेमध्ये दुपारी खेळताना तो ८५च्या पुढे राहायला लागला तर दीड-दोन हजारांचा साधा टॉवर कूलर आण. जुना पंखा काढण्याआधी थोडा वेळ गेम चालव म्हणजे पेस्ट मऊ होते, मग पीसी बंद करून प्लग काढ, स्क्रू सोडव आणि पंखा डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडव. सरळ वर ओढलास तर एएम४मध्ये प्रोसेसर लिव्हर बंद असतानाही सॉकेटमधून उपटून पंख्याबरोबर हातात येतो.